चालती भूमी : भूपट्ट आणि त्यांच्या सीमा

गंडकी नदीच्या पात्रात सापडणारा काळा, गुळगुळीत शाळिग्राम महाराष्ट्रातील असंख्य देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजिला जात आहे. त्याच्या अंगावरील वळणदार खुणांना भाविक विष्णूचे चक्र मानतात. भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा दगड म्हणजे अ‍ॅमोनाइट या नामशेष झालेल्या सागरी प्राण्याचा जीवाश्म होय. हा प्राणी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उघड्या समुद्रात पोहत होता आणि मेल्यावर समुद्रतळाच्या चिखलात गाडला गेला. तो चिखल आज नेपाळमधील मुक्तिनाथच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून हजारो मीटर उंचीवर, शिळांच्या रूपाने उभा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरील खडकही समुद्रात साचलेला चुनखडकच आहे. समुद्र इतका वर कधीच चढला नव्हता. वर आला तो समुद्राचा तळ. तो कोणी उचलला, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मानवाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. त्या उत्तरास भूपट्ट सांरचनिकी असे काहीसे बोजड नाव आहे. कल्पना मात्र नावाइतकी अवघड नाही.

वेगेनर यांची कल्पना

आल्फ्रेड वेगेनर हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ. पृथ्वीवरील सर्व खंडे एके काळी एकत्र होती आणि पुढे फुटून दूर गेली, असे प्रतिपादन त्यांनी १९१२ मध्ये केले आणि १९१५ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा एकमेकांत बसतात, हे नकाशा पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. परंतु वेगेनर तेवढ्यावर थांबले नाहीत. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे जीवाश्म भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका या सर्व भूभागांत आढळतात. अफाट महासागर ओलांडून एकच वनस्पती सर्वत्र पसरली असे मानणे कठीण. त्यापेक्षा भूमीच एकत्र होती, असे मानणे सयुक्तिक ठरते.

या जुन्या दक्षिण महाखंडाला गोंडवन हे नाव मिळाले, ते मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून. चंद्रपूर आणि उमरेडच्या खाणींतून निघणारा कोळसा गोंडवन काळातील वनस्पतींचाच आहे. ज्या महाखंडाचे नाव जगभरच्या विद्यापीठांत घेतले जाते, त्या नावाचे मूळ आपल्या विदर्भाच्या आसपास आहे, ही गोष्ट शाळेतील भूगोलाच्या तासाला आवर्जून सांगण्याजोगी आहे.

वेगेनर यांच्या समकालीनांनी त्यांची कल्पना स्वीकारली नाही. कित्येकांनी तिची टवाळीही केली. आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता : खंडाएवढे ओझे ढकलणारे बळ कोणते, याचे पटण्याजोगे उत्तर वेगेनर यांच्यापाशी नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमभूमीवर संशोधन-सफरीत त्यांचा अंत झाला. त्यानंतर सुमारे तीन दशके हा विषय मागे पडला.

भूपट्ट म्हणजे काय

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र उसळत असून त्यावर जमीन तरंगत आहे, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे. पृथ्वीचे प्रावरण, म्हणजे कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा भाग, जवळजवळ सर्वस्वी घन खडकाचा आहे. परंतु घन पदार्थही वाहू शकतो. रस्त्याच्या कामावरील डांबराचा गोळा हातोड्याने फोडला तर काचेसारखा फुटतो. तोच गोळा पिंपात महिनोन्‌महिने पडून राहिला तर हळूहळू पसरतो. प्रचंड उष्णता व दाब यांखाली असलेला प्रावरणाचा खडक लक्षावधी वर्षांच्या हिशेबात असाच वाहतो.

याच्यावर असलेला थंड व ताठ थर म्हणजे शिलावरण. कवच आणि प्रावरणाचा सर्वांत वरचा भाग मिळून तो झालेला असून त्याची जाडी सर्वसाधारणपणे १०० किलोमीटरच्या आसपास आहे. हे शिलावरण सलग नाही. त्याची सात मोठी आणि बरीच लहान शकले झालेली आहेत. या शकलांना भूपट्ट म्हणतात. भूपट्ट म्हणजे खंड नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. भारतीय भूपट्टात आपला देश व श्रीलंका तर येतातच. शिवाय अरबी समुद्राचा मोठा भाग, बंगालचा उपसागर आणि दक्षिणेकडील हिंदी महासागराचा विस्तीर्ण तळही त्यातच समाविष्ट होतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भारत संपतो. भारतीय भूपट्ट तेथून पुढे समुद्राखाली दूरवर जातो.

भूपट्टांची गती वर्षाला एक-दोन सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत आढळते. माणसाची नखे साधारणतः याच वेगाने वाढतात. आज उपग्रहांच्या साहाय्याने ही गती प्रत्यक्ष मोजता येते, तेव्हा ती आता तर्काची बाब राहिलेली नाही.

या हालचालीमागील बळाविषयी पाठ्यपुस्तकांत बहुधा उकळत्या पातेल्याचा दृष्टांत दिला जातो : खालून तापलेला पदार्थ वर येतो, बाजूला पसरतो, थंड होऊन खाली जातो आणि वरची साय सोबत ओढली जाते. दृष्टांत सोयीचा आहे, पण अपुरा आहे. साय येथे केवळ वाहून नेली जात नाही; ती स्वतःही ओढते. महासागराखालील भूपट्ट जुना होत जातो तसा थंड व जड होतो आणि अखेर त्याची कड प्रावरणात बुडू लागते. पलंगावरून घसरू लागलेली जड गोधडी जशी आपल्या वजनाने उरलेला भाग ओढून नेते, तशी ही बुडती कड मागच्या भूपट्टाला ओढते. भूपट्ट चालविणाऱ्या बळांत हे बळ सर्वांत मोठे आहे, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात.

जेथे समुद्राचा तळ फाटतो

भूपट्टांच्या सीमा तीन प्रकारच्या असतात. काही ठिकाणी भूपट्ट परस्परांपासून दूर जातात, काही ठिकाणी ते एकमेकांवर येतात आणि काही ठिकाणी ते एकमेकांच्या कडेने घासत जातात. पृथ्वीवरील बहुतेक भूकंप व ज्वालामुखी या सीमांच्याच रेषेत आढळतात.

दूर जाणाऱ्या सीमा बहुतांशी समुद्राखाली दडलेल्या आहेत. महासागरांच्या मध्यातून हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा गेल्या आहेत. अशा रांगेवर दोन भूपट्ट विलग होतात, खालचा खडक दाब कमी झाल्यामुळे अंशतः वितळतो, शिलारस वर येतो व थिजून नवा समुद्रतळ तयार होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये हा विचार मांडला. त्याचा पुरावा दुसऱ्याच वर्षी पुढे आला, आणि तो आपल्या शेजारच्या समुद्रातून आला, ही त्यातील विशेष गोष्ट.

भारताच्या नैर्ऋत्येस, अरबी समुद्राच्या पलीकडील हिंदी महासागरात कार्ल्सबर्ग ही अशीच एक सागरी पर्वतरांग आहे. तेथील तळाच्या चुंबकत्वाच्या मोजणीत चढउतारांचे विचित्र पट्टे आढळले होते. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये त्यांचा उलगडा केला. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल लाखो वर्षांच्या अंतराने होत आलेली आहे; शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. शिलारस थिजताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेची नोंद घेतात. रांगेवर सतत नवा तळ तयार होऊन तो दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे रांगेच्या दोहों अंगांना सारखेच उमटले पाहिजेत. तसे ते उमटलेले पुढील मोजण्यांत ठिकठिकाणी दिसून आले. वेगेनर यांच्या टीकाकारांना मिळालेले हे उत्तर समुद्राने स्वतःच्या तळावर लिहून ठेवले होते.

याच मार्गाने आणखी एक कोडे सुटले. खंडांवर तीनशे कोटी वर्षांहून जुने खडक आहेत. समुद्रतळ मात्र जवळजवळ कोठेही २० कोटी वर्षांहून जुना नाही. जुना तळ सतत प्रावरणात परत जात असतो.

हिमालयाची टक्कर

भारताचा भूभाग गोंडवनापासून सुटला तो टप्प्याटप्प्याने. सुमारे १२ ते १३ कोटी वर्षांपूर्वी तो अंटार्क्टिकापासून अलग होऊ लागला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिले. त्यानंतर भारतीय भूपट्टाने उत्तरेकडे जी वाटचाल केली, तिचा वेग एका टप्प्यावर वर्षाला १५ सेंटीमीटरच्याही वर गेला होता. भूपट्टांच्या मानाने ही धावच म्हटली पाहिजे.

या वाटेवरच, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना येथील जमीन फाटून लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या वेळी हा प्रदेश प्रावरणातील एका अत्युष्ण ठिकाणावर होता, असे मानले जाते. आज त्या ठिकाणावर हिंदी महासागरातील रेयूनियों बेट असून तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरुळची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण आणि त्याच पाषाणापासून झालेली काळी कापसाची जमीन, ही सारी त्या उद्रेकांची देणगी आहे.

पुढे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारत आशियाला भिडला. मधला टेथिस समुद्र आटला असे आपण म्हणतो. वास्तविक त्याचा तळ आशियाच्या खाली गेला आणि किनाऱ्यालगतचा गाळ दोन खंडांच्या कात्रीत सापडून वर उचलला गेला. सागरी भूपट्ट खंडाला भिडला तर जड असल्यामुळे तो खाली जातो. खंडाचे कवच त्या मानाने हलके. ते सहजासहजी बुडत नाही. तेव्हा दोन खंड भिडले की चुरगळणे, दुमडणे आणि एकावर एक चढणे एवढेच त्यांना शक्य असते. हिमालय आणि तिबेटचे पठार ही त्याची परिणती आहे. तिबेटखाली कवचाची जाडी ७० किलोमीटरच्या घरात जाते; सर्वसाधारण खंडांखाली ती ३५ ते ४० किलोमीटर असते.

टक्कर होऊन गेली असे मात्र समजू नये. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने सरकत आहे आणि त्यांपैकी सुमारे २ सेंटीमीटर गती एकट्या हिमालयात जिरते. ती सरळपणे जिरत नाही, हीच अडचण आहे. हिमालयाच्या पायथ्याखालील उतरता प्रस्तरभंग घर्षणामुळे अडकून राहतो. वर्षाला दोन सेंटीमीटर या हिशेबाने शंभर वर्षांत दोन मीटर सरकण्याचे देणे साचते आणि ते एखाद्या दिवशी काही क्षणांत चुकते होते. १९०५ चा कांगडा येथील, १९३४ चा बिहार-नेपाळमधील आणि १९५० चा आसाममधील भूकंप हे अशाच फेडीचे प्रसंग होत. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे दगावली. काठमांडूचे खोरे त्या वेळी सुमारे दीड मीटर दक्षिणेस सरकले. हिमालयाचे जे पट्टे दीर्घ काळ हललेले नाहीत, तेथील देणे अद्याप बाकी आहे, ही चिंतेची बाब आहे.

अंदमानखालील उतरण

पूर्वेकडे चित्र निराळे आहे. अंदमान-निकोबार व सुमात्रा यांच्या पश्चिमेस भारतीय भूपट्टाचा सागरी भाग शेजारच्या भूपट्टाखाली तिरपा उतरतो. अशा सीमेवर खोल सागरी गर्ता असते आणि तिच्यामागे ज्वालामुखींची माळ असते. उतरणाऱ्या खडकातील पाणी वर सुटते, त्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. अंदमानातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी याच माळेतील एक मणी आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास ही सीमा सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर सुटली. भूकंपाची तीव्रता ९.१ होती. समुद्रतळ उचलला गेला, त्याबरोबर वरचे सारे पाणी उचलले गेले आणि त्सुनामीच्या लाटांनी हिंदी महासागराभोवतीच्या देशांत दोन लाखांहून अधिक बळी घेतले. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची, जमीन चार मीटरांहून अधिक खचली आणि तेथील दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. उत्तर अंदमानात उलट काही किनारे वर आले. भूकंपानंतर लाटा चेन्नईस पोहोचावयास सुमारे अडीच तास लागले होते. तेवढ्या अवधीत पुष्कळ लोकांना किनाऱ्यापासून दूर नेता आले असते. परंतु हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच त्या वेळी नव्हती. हैदराबाद येथे असे पूर्वसूचना केंद्र २००७ पासून कार्यरत झाले.

कोकणपट्टीतील ग्रामपंचायतींनीही याची दखल घ्यावयास हवी. पाकिस्तान व इराणच्या दक्षिणेस मकरान किनाऱ्याजवळ अशीच एक उतरण आहे. तेथे २७ नोव्हेंबर १९४५ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपाच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि त्यांत माणसे वाहून गेली होती. समुद्र नेहमीपेक्षा फार दूर ओसरला, तर उघड्या पडलेल्या तळावर मासे गोळा करावयास न जाता उंचावर जावे, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. पाणी ओसरलेच नाही तरी लाट येऊ शकते, हेही त्यासोबत सांगावे.

कडेने घासत जाणाऱ्या सीमांचे प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रेआस प्रस्तरभंगाचे. आपल्या भूपट्टाची पश्चिम कड बलुचिस्तान-अफगाणिस्तानात चमन प्रस्तरभंगाजवळ अशीच घासत जाते. १९३५ मध्ये क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झाले, ते याच पट्ट्यात.

सीमेपासून दूर, तरीही

महाराष्ट्र यांपैकी कोणत्याही सीमेवर नाही. असे असता ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी का हादरली, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

भूपट्ट ताठ असतो, म्हणून उत्तरेकडच्या टकरीचा दाब त्याच्या अंतर्भागातही पोहोचतो. अंतर्भागात फार प्राचीन काळची भंगलेली ठिकाणे आहेत. दख्खनच्या लाव्हाने ती झाकून टाकल्यामुळे वरून ती दिसत नाहीत. दाब साचून त्यांतील एखादे ठिकाण सरकते. सीमेवरच्या मानाने असे भूकंप विरळ होतात, आणि विरळ होतात म्हणूनच ते लोकांना बेसावध गाठतात.

कोयनेच्या बाबतीत आणखी एक कारण जुळून आले. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले. पाण्याच्या भारापेक्षाही खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याच्या दाबाला शास्त्रज्ञ अधिक महत्त्व देतात. मुळातच ताणलेल्या भेगेतील घर्षण त्यामुळे कमी होते आणि जो भूकंप कदाचित पुष्कळ काळाने झाला असता तो लवकर होतो. १९६७ च्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती व त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीस तडे गेले. पुढे तिला मागील बाजूने आधार देऊन ती भक्कम करण्यात आली. त्या परिसरात लहानमोठे धक्के आजतागायत बसत आले आहेत. कऱ्हाड येथे केंद्र शासनाची खोल छिद्रण संशोधनाची प्रयोगशाळा असून, कोयना खोऱ्यात ३ किलोमीटर खोलीचे पहिले छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली थेट ग्रॅनाइट लागला.

किल्लारीचा भूकंप तीव्रतेने कोयनेएवढाच, ६.२ चा. बळी मात्र जवळजवळ दहा हजार. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. वेळ पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे कमी. भूकंपाचे उगमस्थान दहा किलोमीटरहून कमी खोलीवर होते. पण हानीचे खरे कारण घरांच्या बांधणीत होते. लातूर-उस्मानाबादकडील, म्हणजे आजच्या लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील, घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, गोल दगडांच्या व मातीत रचलेल्या होत्या. आतली आणि बाहेरची फळी यांच्यामध्ये भर घातलेली, आणि दोन्ही फळ्यांना बांधणारा दगड क्वचितच. वर माळवद, त्यावर गळती थांबविण्यासाठी दर वर्षी टाकलेल्या मातीचे ओझे. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरे धक्का बसताच भिंतीच्या दोन फळ्या सुटून आतल्या माणसांवर कोसळली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्या पहाटे खोटा ठरला. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कोणापाशीही नाही. त्यामुळे एखाद्या धक्क्यानंतर अमुक रात्री मोठा भूकंप होणार, अशा ज्या अफवा गावोगाव उठतात आणि लोकांना शेतात रात्री काढावयास लावतात, त्यांना आधार नसतो. तलाठी, शिक्षक व सरपंच यांनी त्या तेथल्या तेथे खोडून काढल्या तर पुष्कळांची झोप वाचते.

घराच्या बांधणीत मात्र पुष्कळ काही करता येते व त्यास फार खर्चही येत नाही. दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटीमीटरहून अधिक ठेवू नये; ३५ सेंटीमीटर असेल तर उत्तम. भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड उंचीत दर ६० सेंटीमीटरवर आणि आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा जास्त न सोडता बसवावेत. तेवढ्या लांबीचे दगड मिळत नसतील तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळाही चालतो. दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींवर फिरणारा सलग पट्टा असावा. चारही भिंतींना तो कमरपट्ट्यासारखा एकत्र धरून ठेवतो. छप्पर हलके असावे. दारे-खिडक्या कोपऱ्याच्या अगदी लगत ठेवू नयेत, कारण भिंत प्रथम कोपऱ्यातच सुटते. जुनी घरे, शाळाखोल्या आणि चावड्या पाडून नव्याने बांधण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. भिंतीत जागोजागी छिद्र पाडून त्यात सळई व काँक्रीटचे बांधदगड भरणे आणि माळवदावरची जास्तीची माती उतरविणे, ही कामे गावातील गवंडी एका उन्हाळ्यात करू शकतात.